डिटेक्टर ६५ टक्क्यांचा, तरी बेल चाचणीतली पळवाट सताड उघडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी बीबीओ नावाच्या स्फटिकातून ध्रुवीकरणाने गुंतलेल्या, म्हणजे एकाचं मोजमाप दुसऱ्याच्या मोजमापाशी बांधलेलं असलेल्या, फोटॉनच्या जोड्या तयार केल्या, दोन्ही बाजूंना पोलरायझर आणि सिलिकॉनचे डिटेक्टर लावले, आणि बेलच्या असमानतेतला ‘एस’, म्हणजे दोन्ही बाजूंची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, २.५ आला. स्थानिक वास्तववादाची, म्हणजे उत्तरं आधीच ठरलेली असतात आणि दूरच्या मोजणीचा त्यांवर परिणाम होत नाही या समजुतीची, मर्यादा २, त्यामुळे सगळे खूश. सादरीकरणाच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, ‘डिटेक्शन लूपहोलचं काय केलंत?’ म्हणजे न मोजल्या गेलेल्या फोटॉनांमुळे राहणाऱ्या पळवाटेचं. डिटेक्टरच्या माहितीपत्रकात कार्यक्षमता ६५ टक्के छापली आहे आणि एबरहार्डची मर्यादा, म्हणजे ही पळवाट बंद व्हायला लागणारी किमान कार्यक्षमता, ६६.७ टक्के आहे. मग ‘पळवाट जवळजवळ बंद आहे’ असं म्हणता येईल का? आणि येत नसेल, तर त्या २.५ ला अर्थ काय राहतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’, आणि ‘जवळजवळ’सुद्धा नाही. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

६५ हा आकडा डिटेक्टरचा आहे, प्रयोगाचा नाही. फोटॉन डिटेक्टरच्या पृष्ठभागावर पोचलाच, तर तो मोजला जाण्याची शक्यता तेवढी. पण तिथवर पोचण्याआधी त्याला काय काय ओलांडावं लागतं ते बघा. स्फटिकातून पसरत निघालेला प्रकाश फायबरच्या बारीक गाभ्यात शिरवायचा, वाटेत फिल्टर, अर्धतरंग पट्टी, पोलरायझर, मग कनेक्टर. सगळ्यांत मोठी गळती बहुधा फायबरच्या तोंडाशीच होते. खरा आकडा काढायला माहितीपत्रक लागतच नाही. दोन्ही पोलरायझर जुळत्या कोनांवर ठेवा आणि कोइन्सिडन्सना (दोन्हीकडे एकदम आलेल्या क्लिकना) समोरच्या बाजूच्या सिंगल्सनी (त्या बाजूच्या एकूण क्लिकनी) भागा. तुमच्या तक्त्यात दोन्हीकडे सेकंदाला साधारण ४०,००० सिंगल्स आणि ३,२०० कोइन्सिडन्स आहेत. म्हणजे ८ टक्के. ही पद्धत क्लिश्को या रशियन भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. स्रोत सेकंदाला किती जोड्या देतो हे ठाऊक नसलं तरी ती चालते, म्हणून प्रयोगशाळेत रोज वापरली जाते. एक पथ्य पाळा: सिंगल्समधून डार्क काउंट (प्रकाश नसतानाही डिटेक्टर देतो ते क्लिक) आणि खोलीतला भटका प्रकाश वजा करू नका. वजा केले की आकडा देखणा होतो, पण पळवाटेच्या हिशेबात तो सगळा कचरा तुमच्याच नावावर पडतो.

आता पळवाट म्हणजे नेमकं काय ते बघू. बेलच्या १९६४ च्या सिद्धतेत आणि क्लॉझर, हॉर्न, शिमोनी, होल्ट या चौघांच्या १९६९ च्या असमानतेत एक गोष्ट गृहीत आहे: प्रत्येक जोडीतले दोन्ही कण उत्तर देतात. अधिक किंवा उणे, काहीतरी एक. तुम्ही एस काढलात तो मात्र फक्त कोइन्सिडन्सवरून. ज्या जोडीतला एक फोटॉन मधेच हरवला ती तुमच्या तक्त्यात आलीच नाही. न आलेल्या जोड्या आल्या असत्या तर त्यांनीही अशीच उत्तरं दिली असती, हे आपण न सांगता धरून चालतो. यालाच फेअर सॅम्पलिंग म्हणतात, म्हणजे हाती लागलेला नमुना प्रातिनिधिक आहे हे गृहीतक. फिलिप पर्ल यांनी १९७० मध्येच दाखवलं की हे धरलं नाही, तर निव्वळ स्थानिक सूचनांवर चालणारे कण क्वांटमसारखे आकडे हुबेहूब देऊ शकतात.

दोन वेगळ्या खोल्यांत दोन परीक्षार्थी बसले आहेत, त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही, पण नको तो प्रश्न आला की ‘आज गैरहजर’ म्हणायची मुभा आहे आणि गैरहजरांचे पेपर निकालात धरले जात नाहीत, अशी कल्पना करा. निकाल शंभर टक्के लागेल, आणि त्यासाठी कुणाला टेलिपथी येण्याची गरज नाही.

हे नुसतं बोलून भागत नाही, म्हणून एक पूर्ण उदाहरण कागदावर मांडून बघा. डावीकडच्या स्टेशनला, म्हणजे पोलरायझर-डिटेक्टरच्या त्या बाजूला, दोन सेटिंगं (पोलरायझरचे दोन कोन), १ आणि २. उजवीकडेही तशीच दोन. १-१, १-२ आणि २-१ या तिन्ही जोड्यांत उत्तरं सारखी यायला हवीत आणि २-२ मध्ये उलट. हे सगळं नेहमी जमलं तर एस ४ होईल. आधी ठरवलेल्या उत्तरांनी चारपैकी तीनच अटी पाळता येतात आणि मोडलेली चौथी उणे मोजली जाते, म्हणून मर्यादा ३ वजा १, म्हणजे २. क्वांटम यामिकी २.८३ पर्यंत, म्हणजे २√२ पर्यंत जाते.

आता स्रोत लबाडी करतो. प्रत्येक जोडी सोडताना तो डावीकडे कोणतं सेटिंग येईल याचा अंदाज धरतो, १ किंवा २, नाणं उडवून. डावीकडच्या कणाला सूचना: ‘हेच सेटिंग आलं तर अधिक म्हण, दुसरं आलं तर गप्प बस.’ उजवीकडच्या कणाला अंदाज काय धरलाय ते सांगून ठेवलेलं असतं. अंदाज १ असेल तर त्याने दोन्ही सेटिंगांना अधिक म्हणायचं. अंदाज २ असेल तर सेटिंग १ ला अधिक आणि सेटिंग २ ला उणे. ज्या जोड्यांत दोन्हीकडे क्लिक झालं त्या सगळ्यांत चारही अटी पाळल्या जातात. कोइन्सिडन्सवरून काढलेला एस थेट ४. क्वांटमच्याही वर, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत काहीच गेलेलं नाही.

‘पण मग डावीकडे अर्धेच क्लिक येतील आणि उजवीकडे सगळे, ते लगेच लक्षात येईल,’ असं तुम्ही म्हणाल. म्हणून लबाडी थोडी सजवू. गप्प बसायचं काम कधी डावीकडच्याला द्यायचं, कधी उजवीकडच्याला, तेही नाणं उडवून. दोघांची चिन्हं मधूनमधून एकदम उलटवायची. आणि दर नऊ जोड्यांमागे सरासरी एका जोडीला पूर्ण मुकं करायचं. हिशेब करा: दोन्हीकडे क्लिक ४/९, फक्त डावीकडे २/९, फक्त उजवीकडे २/९, कुठेच नाही १/९. प्रत्येक बाजूला एकूण ६/९, म्हणजे ६६.७ टक्के. आणि ४/९ म्हणजे २/३ चा वर्ग. बाहेरून बघणाऱ्याला हे ६६.७ टक्क्यांचे, एकमेकांशी संबंध नसलेले, अगदी प्रामाणिक डिटेक्टर वाटतील. सेटिंग बदललं तरी सिंगल्स बदलत नाहीत, कोइन्सिडन्सचा एकूण दरही बदलत नाही.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण प्रबंधांमधून हमखास आढळणारा बचाव असा असतो: ‘आमचे काउंट सेटिंगप्रमाणे बदलले नाहीत, म्हणून नमुना प्रातिनिधिक आहे.’ ती तपासणी जरूर करावी, तिच्यातून पोलरायझर फिरवताना किरण हलतोय का वगैरे खरे दोष सापडतात. पण पळवाट बंद झाल्याचा तो पुरावा होत नाही. वरच्या उदाहरणात एकही काउंट हलला नाही. किती फोटॉन हरवले यापेक्षा, हरवायचं की नाही हे सेटिंग कळल्यानंतर ठरू शकतं का, हा खरा मुद्दा आहे.

या लबाडीला किती वाव आहे याची नेमकी सीमा आहे. ४ ला कार्यक्षमतेने भागा आणि २ वजा करा: कोइन्सिडन्सवरून काढलेला एस स्थानिक सूचनांनी तेवढा वर नेता येतो. ६६.७ टक्क्यांना ४ येतो, म्हणजे आपलंच उदाहरण. १०० टक्क्यांना २ येतो, म्हणजे मूळ बेल. क्वांटमची कमाल २.८३ ओलांडता येऊ नये यासाठी कार्यक्षमता ८२.८ टक्क्यांच्या वर हवी. ही सीमा अनुपम गर्ग आणि डेव्हिड मर्मिन यांनी १९८७ मध्ये दिली. कोइन्सिडन्स भागिले सिंगल्स या भाषेत ती यान-ओके लार्सन यांनी १९९८ मध्ये मांडली. तुमचा एस २.८३ नसून २.५ आहे, म्हणजे तुम्हाला ८२.८ सुद्धा पुरत नाही, ८८.९ लागेल. हातात आहेत ८. सूत्रात ८ टक्के घातले तर उत्तर ४८ येतं, आणि एस तर ४ च्या वर जाऊच शकत नाही. थोडक्यात, तुमच्या मांडणीत पळवाट बंद करण्याचा प्रश्नच येत नाही.

वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याआधी फार मोठी माणसं याच जागी उभी होती. १९७२ मध्ये बर्कलीत फ्रीडमन आणि क्लॉझर यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणारे फोटॉन मोजले तेव्हा, आणि १९८२ मध्ये ओर्सेला आस्पे, ग्रांजिए आणि रोजे यांना २.६९७ मिळाला तेव्हाही, बहुतेक जोड्या हरवतच होत्या. १९९८ मध्ये इन्सब्रुकला वाइस आणि सहकाऱ्यांनी ४०० मीटर अंतरावर, सेटिंग झपाट्याने आणि यादृच्छिकपणे बदलत २.७३ मिळवला. अंतराची पळवाट, म्हणजे एका बाजूची खबर वेळेत दुसरीकडे पोचण्याची शक्यता, त्यांनी नीट बुजवली, पण एकूण कार्यक्षमता होती साधारण ५ टक्के. हे सगळे लोक फेअर सॅम्पलिंग किंवा तशाच प्रकारचं गृहीतक उघडपणे लिहून पुढे जात होते. क्लॉझर आणि हॉर्न यांनी तर १९७४ मध्येच आपलं गृहीतक वेगळं काढून दाखवलं होतं: पोलरायझर मधे घातल्याने डिटेक्शनची शक्यता वाढत नाही. गृहीतक असं उघड्यावर ठेवलं की प्रयोग प्रामाणिक राहतो.

आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर, त्या काळातही क्वांटम यामिकीवर शंका घेण्याचं हे सबळ कारण नव्हतं. फायबरच्या तोंडाशी सांडणाऱ्या फोटॉनला पुढच्या पोलरायझरचा कोन माहीत असतो, आणि तो त्या हिशेबाने सांडतो, असं मानायला निसर्गाला फारच कावेबाज ठरवावं लागतं. पण ‘मला पटत नाही’ आणि ‘नाकारता येतं’ यांत फरक आहे, आणि बेल चाचणीचा सगळा दिमाख दुसऱ्या प्रकारच्या विधानाचा आहे. शिवाय निसर्ग कावेबाज नसला तरी माणूस असतो. त्याकडे पुढे येतो.

पळवाट बुजवायची कशी? सगळ्यांत साधा मार्ग म्हणजे मौनालाही उत्तर मानायचं. क्लिक झालं तर अधिक, नाही झालं तर उणे. कोणतीच जोडी फेकायची नाही. आयन आणि अणूंच्या प्रयोगांत हे आपोआप होतं. लेझर टाकला की आयन एका अवस्थेत चमकतो, दुसऱ्या अवस्थेत काळा राहतो. काळा राहणं हेच उत्तर. २००१ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरच्या निस्ट प्रयोगशाळेत रो आणि सहकाऱ्यांनी बेरिलियमच्या दोन आयनांवर असाच एस २.२५ मिळवला आणि डिटेक्शनची पळवाट पहिल्यांदा बंद केली. आकडा इन्सब्रुकपेक्षा लहान, दावा मात्र या बाजूने जास्त भक्कम, कारण एकही चाचणी वगळलेली नव्हती. गंमत अशी की ते दोन आयन एकाच सापळ्यात, एकमेकांपासून काही मायक्रोमीटरवर होते. त्यामुळे अंतराची पळवाट सताड उघडी. पुढची १४ वर्षं हाच तिढा होता: फोटॉन लांब जातात पण हरवतात, आयन हरवत नाहीत पण लांब जात नाहीत.

फोटॉनवाल्यांसाठी वाट काढली ती फिलिप एबरहार्ड यांनी १९९३ मध्ये, आणि तुम्ही सांगितलेले ६६.७ टक्के तिथलेच. हा भाग समजून घेण्यासारखा आहे, कारण आकडा सगळे सांगतात आणि अटी कुणी सांगत नाही. फक्त क्लिकवर आधारलेली असमानता घ्या, क्लॉझर-हॉर्नची. १-१, १-२, २-१ या तीन सेटिंग-जोड्यांतल्या कोइन्सिडन्सची बेरीज करा, २-२ ची वजा करा. हे उत्तर, डावीकडचे सेटिंग १ चे सिंगल्स अधिक उजवीकडचे सेटिंग १ चे सिंगल्स, यांच्या वर जाता कामा नये. न दिसलेल्या जोड्या या वाक्यात कुठेच नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल काही गृहीतही धरावं लागत नाही. पण कार्यक्षमता घटली की कोइन्सिडन्स वर्गाने घटतात आणि सिंगल्स सरळ प्रमाणात. समसमान गुंतलेल्या अवस्थेत कोइन्सिडन्सची बेरीज सिंगल्सच्या १.२०७ पट असते. म्हणून कार्यक्षमता १ भागिले १.२०७ पेक्षा जास्त हवी, म्हणजे पुन्हा तेच ८२.८.

एबरहार्ड यांनी अवस्थाच तिरकी केली. जोडीच्या दोन शक्यतांपैकी एक जड, दुसरी हलकी. आणि सेटिंग १ चे कोन असे निवडले की जड घटक जवळजवळ पूर्ण अडवला जावा. सिंगल्स एकदम थोडे होतात, पण जे थोडे येतात त्यांचा जोडीदार जवळजवळ नेहमी सापडतो. टोकाला गेलं की तिन्ही कोइन्सिडन्स एकेका सिंगलच्या बरोबरीला येतात आणि चौथा नगण्य होतो. तीन कोइन्सिडन्स, दोन सिंगल्स, म्हणून दोन तृतीयांश. ६६.७ चं सगळं रहस्य एवढंच. किंमतही त्यातच आहे: त्या टोकाला उल्लंघन स्वतःच शून्याकडे जातं, आणि दर हजारात दोनचार खोटे क्लिक आले तरी सगळं पुसलं जातं. त्यामुळे प्रत्यक्षात ६७ वर कुणी प्रयोग करत नाही; सत्तरीच्या मध्यावर गेल्याशिवाय श्वास घेता येत नाही. तुमच्यासारख्या समसमान अवस्थेला तर ६६.७ लागूच होत नाही.

सत्तरीच्या मध्यावर जाणं कागदावर सोपं दिसतं. फायबरमध्ये शिरण्याची शक्यता ९० टक्के, काचा-पोलरायझर ९५, जोडण्या आणि फायबरची लांबी ९७, डिटेक्टर ९५. गुणाकार करा: ७८.८. हे चारही आकडे अतिशय चांगल्या प्रयोगशाळेचे आहेत, आणि यातला एक जरी ८० वर घसरला तरी सगळं मुसळ केरात. सिलिकॉनचे ६५ टक्क्यांचे डिटेक्टर या शर्यतीत उतरूच शकत नाहीत. शर्यत शक्य झाली ती अतिसंवाहक डिटेक्टरांमुळे. एका प्रकारात टंगस्टनचा पातळ थर निरपेक्ष शून्याच्या वर साधारण दशांश केल्विनवर, अतिसंवाहक आणि साध्या अवस्थेच्या बरोबर उंबरठ्यावर ठेवतात. एक फोटॉन शोषला की थर किंचित तापतो, रोध उडी मारतो, आणि ती उडी मोजतात. याची कार्यक्षमता ९५ च्या पुढे जाते आणि खोटे क्लिक जवळपास नसतात. २०१३ मध्ये व्हिएन्नाच्या गटाने आणि इलिनॉयच्या गटाने असेच डिटेक्टर वापरून फोटॉनांवर डिटेक्शनची पळवाट बंद केली. अंतराची तेव्हाही उघडीच होती.

दोन्ही एकदम बंद करायच्या तर घड्याळ आडवं येतं. सेटिंग निवडल्यापासून उत्तराची नोंद पक्की होईपर्यंतचा सगळा खटाटोप, समोरच्या स्टेशनवरून प्रकाश पोचायच्या आत संपायला हवा. व्हिएन्नाच्या होफबुर्ग राजवाड्याच्या तळघरात स्टेशनांमध्ये ५८ मीटर अंतर होतं. प्रकाशाला लागतात १९३ नॅनोसेकंद. टंगस्टनचा थर तापायला, सिग्नल वर यायला, तो उंबरठा ओलांडायला जो वेळ लागतो तो याच १९३ मध्ये बसवायचा. अंतर वाढवलं तर वेळ मिळतो, पण फायबर लांबतं आणि प्रत्येक जादा जोडणी कार्यक्षमतेतून अर्धा-एक टक्का खाते. तरीही २०१५ मध्ये त्यांनी एका बाजूला ७८.६ आणि दुसऱ्या बाजूला ७६.२ टक्के गाठले. त्याच वर्षी बोल्डरच्या गटाने १८० मीटरहून अधिक अंतरावर, अतिसंवाहक नॅनोतारांचे डिटेक्टर वापरून ७४.७ आणि ७५.६ टक्क्यांवर हेच साधलं. हे आकडे वाचताना ६६.७ पासूनचं अंतर बघा. तेवढ्याशा फटीत कित्येक वर्षांची मेहनत आहे.

डेल्फ्टच्या गटाने, त्याच २०१५ मध्ये आणि या दोघांच्या थोडं आधी, प्रश्नच वेगळ्या टोकाने धरला. तो मार्ग मला सगळ्यांत देखणा वाटतो. त्यांचे गुंतवायचे कण म्हणजे हिऱ्यातल्या दोषांमधले इलेक्ट्रॉन, १.२८ किलोमीटर अंतरावर. प्रत्येक इलेक्ट्रॉनने आपल्याशी गुंतलेला एक फोटॉन मधल्या स्टेशनकडे पाठवायचा. तिथे दोन फोटॉनांची ठरावीक खूण उमटली तरच ‘आता दूरचे दोन इलेक्ट्रॉन गुंतले’ अशी पावती फाडायची, आणि तीच जोडी चाचणीत धरायची. इथेही अब्जावधी प्रयत्न फुकट जातात, तासाला जेमतेम एखादी पावती. पण वाया जाणारे प्रयत्न मधल्या स्टेशनवर गळतात, आणि तिथे कोणती सेटिंगं येणार हे पोचलेलंच नसतं. पावती फाटल्यावर मात्र दोन्ही इलेक्ट्रॉन दरवेळी उत्तर देतात, चमकला किंवा काळा. वरच्या लबाड स्रोताला इथे हात घालायला जागाच नाही. एकूण २४५ चाचण्या, एस २.४२, त्रुटी ०.२०. आकडेवारीच्या दृष्टीने हा निकाल व्हिएन्ना-बोल्डरच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे, पी-मूल्य ०.०३९ (निव्वळ स्थानिक सूचनांनी असा निकाल योगाने येण्याची शक्यता फार तर ३.९ टक्के), पण मांडणीच्या दृष्टीने तो सगळ्यांत निर्मळ आहे.

आता एक उपकथा, जी तुमच्या प्रकल्पाला थेट लागू आहे. कोइन्सिडन्स ठरवायला तुम्ही काही नॅनोसेकंदांची खिडकी वापरता: एवढ्या वेळात दोन क्लिक आले तर ते एका जोडीचे. लार्सन आणि रिचर्ड गिल यांनी २००४ मध्ये दाखवलं की फोटॉन हरवण्याऐवजी फक्त उशीर करूनही तीच लबाडी करता येते. सेटिंग नावडतं आलं की थोडं रेंगाळायचं, म्हणजे जोडी खिडकीबाहेर पडते. ही पळवाट आणखी वाईट आहे, तिची सीमा ८७.९ टक्के. उपाय सोपा आहे: क्लिकांभोवती खिडकी न फिरवता वेळेचे कप्पे आधीच ठरवून टाकायचे, जमल्यास स्पंदित लेझर वापरायचा, आणि प्रत्येक कप्पा ही एक चाचणी मानायची.

राहिला कावेबाज माणसाचा मुद्दा. सिलिकॉनच्या डिटेक्टरवर प्रखर प्रकाश टाकून ठेवला की तो एकेक फोटॉन मोजायचं विसरतो आणि साध्या फोटोडायोडसारखा वागतो: ठरावीक ताकदीच्या वरचं स्पंद आलं तर क्लिक, खाली असलं तर शांत. मग हल्लेखोर अशा ताकदीचं ध्रुवित स्पंद पाठवतो की सेटिंग त्याच्या अंदाजाशी जुळलं तर पूर्ण स्पंद एका डिटेक्टरवर पडून क्लिक होतं. न जुळलं तर प्रकाश दोन डिटेक्टरांत विभागला जातो आणि दोन्ही गप्प. ‘हेच सेटिंग आलं तर बोल, नाहीतर गप्प बस’ ही आपल्या कागदी उदाहरणातली सूचना इथे काचेत आणि धातूत उतरली. २०११ मध्ये गेरहार्ट, मकारोव, कुर्टझिफर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच करून, गुंतलेली एकही जोडी नसताना, बेलच्या असमानतेचं ‘उल्लंघन’ करून दाखवलं. म्हणूनच उपकरणावर विश्वास न ठेवता चालणाऱ्या क्वांटम गुप्तलेखनात फेअर सॅम्पलिंगला थारा नाही. २०२२ मध्ये ऑक्सफर्ड आणि म्युनिकच्या गटांनी तसं गुप्तलेखन प्रत्यक्षात आणलं ते आयन आणि अणू वापरून, जिथे मौन हेही उत्तर असतं.

तुमच्या २.५ कडे परत येऊ. अस्थानिकतेचा निखळ पुरावा म्हणून तो उभा राहत नाही. पण क्वांटम यामिकी खरी धरली, नमुना प्रातिनिधिक धरला आणि डिटेक्टरशी कुणी छेडछाड करत नाही हेही धरलं, तर स्रोतातून खरोखर गुंतलेल्या जोड्या निघतात याचा तो चांगला पुरावा आहे. एमएस्सीच्या टेबलावर तेवढंच सिद्ध करायचं असतं. २.५ ला २.८३ ने भागलं तर ८८ टक्के येतात. कोन बरोबर बसले असतील तर ही तुमच्या जोड्यांची दृश्यता, म्हणजे त्यांची जुळणी किती स्वच्छ आहे याचं माप, समजा, आणि पुढची मेहनत तिथे घाला: स्फटिकातली वेळेची तफावत भरून काढणारा तुकडा नीट बसलाय का, फिल्टर फार रुंद आहे का, फायबरमध्ये ध्रुवीकरण फिरतंय का.

प्रबंधात साधारण असं लिहा: ‘एस २.५ आला, त्रुटी अमुक. कोइन्सिडन्स भागिले सिंगल्स ही कार्यक्षमता ८ टक्के असल्याने डिटेक्शनची पळवाट उघडी आहे. दोन्ही स्टेशनं एकाच टेबलावर असल्याने अंतराचीही. निष्कर्ष फेअर सॅम्पलिंगवर अवलंबून आहे.’ त्याखाली कोइन्सिडन्सची खिडकी २ नॅनोसेकंदांपासून २० पर्यंत रुंदावत नेल्यावर एस कसा उतरतो याचा एक आलेख जोडा, आणि योगायोगाने जुळलेले कोइन्सिडन्स वजा केलेले आणि न केलेले असे दोन्ही एस शेजारी शेजारी छापा. परीक्षकांचा पुढचा प्रश्न बहुतेक करून तोच असेल.